डाव्या पायाशी कोण बसलं होतं

या सदरातले अनुभव मी कित्येक वर्षं वाचत आले आहे. खरं सांगायचं तर चुका काढण्यासाठी वाचत आले. रविवारी सकाळी विलास, माझा नवरा, ते मोठ्यानं वाचायचा आणि मी कांदे चिरता चिरता हरकती घ्यायचे. ‘आधी म्हणतो अमावास्या होती, मग तिचा चेहरा चांदण्यात कसा दिसला?’ विलास म्हणायचा, ‘सुमन, तू ग्रंथपाल आहेस. भूत आलं तर त्याचंसुद्धा ओळखपत्र मागशील.’

मी मुलुंडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात चोवीस वर्षं ग्रंथपाल आहे. अंधश्रद्धेवरची व्याख्यानं ठरवण्याचं काम दरवर्षी माझ्याकडे असायचं. मेलेली माणसं परत येतात यावर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि आजही आहे असं मला म्हणता येत नाही. तरीही लिहिते आहे. कारण जे घडलं त्यात माझा विश्वास नसणं हीच मुख्य गोष्ट आहे, हे मला फार उशिरा कळलं. तीन आठवडे थोडं थोडं लिहिते आहे. कुठे अडखळले तर सांभाळून घ्या.

विलासचा भांडुपला बाइंडिंगचा गाळा होता. तिथे प्रबंध, कचेऱ्यांची रजिस्टरं आणि ग्रंथालयांची जुनी पुस्तकं यायची. आमची ओळखही तशीच झाली – आमच्या ग्रंथालयाची पुस्तकं त्याच्याकडे बांधायला जायची. मूल झालं नाही. दोघंच होतो, आणि बरे होतो.

मागच्या वर्षी श्रावणात, एका मंगळवारी सकाळी, कटिंग मशीनचं पातं धार लावून आलं होतं. ते बसवताना निसटलं आणि विलासच्या उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूवर पडलं. ताजी धार होती. धमन्या, शिरा, कंडरा, नसा – सगळं कापलं. हात मागच्या हाडांवर आणि कातडीवर तेवढा टिकून होता. त्याच्या कामगारानं पंचा आवळून बांधला आणि रिक्षानं त्याला घाटकोपरच्या एका हॉस्पिटलमध्ये नेलं. हॉस्पिटलचं नाव देत नाही. त्यांचं काही चुकलं असं मला म्हणायचं नाही.

ऑपरेशन आठ तास चाललं. सर्जन एक तरुण बाई होत्या, बारीक अंगाच्या, सावकाश बोलणाऱ्या. बाहेर येऊन त्या माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, ‘हातात रक्त पोचवणं त्या मानानं सोपं असतं. ते परत आणणं कठीण. परत आणणाऱ्या शिरा फार पातळ असतात, ओल्या टिश्यू पेपरसारख्या. शिवलेल्या जागी गुठळी झाली तर आत गेलेलं रक्त आतच तुंबतं, हात निळा पडतो. आता पुढचे सात-आठ दिवस आपलं भांडण गुठळीशी.’

त्या भांडणाचे नियम होते. रक्त पातळ ठेवणारं औषध एका छोट्या पंपातून थेंबाथेंबानं जायचं. हात उशांवर, छातीपेक्षा वर. एसी बंद, हातावर दिव्याची ऊब. गार पाणी नाही, तंबाखू नाही, चहा-कॉफी नाही, कारण त्यांनी रक्तवाहिन्या आवळतात.

‘चहा नाही?’ शुद्धीवर आल्यावर विलासचा पहिला मोठा प्रश्न हा होता. ‘मग शिवला कशाला हात? कप धरायलाच ना?’

सर्जन हसल्या. मग यानं विचारलं, ‘मॅडम, दोरा कुठला वापरता?’

‘केसापेक्षा बारीक.’

‘तीस वर्षं पुस्तकांचे फर्मे शिवतोय मी. मला एकदा दाखवा तुमचा दोरा.’

दुसऱ्या दिवशी त्या खरंच उघडलेलं एक पाकीट घेऊन आल्या. त्यानं डाव्या हातात धरून ते उजेडासमोर नेलं, डोळे बारीक केले, बराच वेळ पाहिलं. ‘दिसत नाही,’ म्हणाला. ‘ज्याची शिलाई दिसत नाही तो खरा कारागीर.’ त्या बाई लाजल्या होत्या. मला ते आठवतं.

दर तासाला बोटांची तपासणी व्हायची. नख दाबायचं, ते पांढरं होतं. सोडायचं, आणि मनात एक-दोन म्हणेपर्यंत गुलाबी व्हायला हवं. उशीर झाला तर धमनीत अडथळा. फार लवकर भरलं आणि बोट जांभळट दिसलं तर शिरेत गुठळी. नर्स करायच्याच, पण दिवसा मीही करायचे. मी एक वही केली – वेळ, रंग, ऊब, सूज. माझा स्वभावच तसा. नोंद केली की गोष्ट ताब्यात आहे असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोटं निळी पडायला लागली. वहीत सव्वापाचला ‘गुलाबी’ आणि पावणेसहाला ‘जांभळट?’ असं आहे. प्रश्नचिन्ह मी का दिलं कोण जाणे, रंग स्पष्ट होता. त्याला परत आत नेलं. गुठळी काढली, खराब झालेला तुकडा कापला आणि त्या जागी डाव्या पावलावरची एक छोटी शीर काढून जोडली. म्हणून डाव्या पावलावर चार टाके. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी या टाक्यांचाच आधार घेतला.

त्यानंतर हात सुधारत गेला. पाचव्या दिवशी मात्र मनगटाच्या पट्टीतून रक्त पाझरायला लागलं, थांबेना. रक्त पातळ करणारं औषध बंद करावं लागलं, फक्त एक गोळी ठेवली. सर्जन म्हणाल्या, ‘जास्त पातळ झालं तर वाहतं, कमी झालं तर गोठतं. दोरीवरून चालण्यासारखं आहे. पण आता शिरा धरल्यात, बघू.’ सहाव्या दिवशी आम्हाला चौथ्या मजल्यावरच्या सहा खाटांच्या वॉर्डात हलवलं. खिडकीजवळची खाट होती. समोर उड्डाणपूल, त्यापलीकडे एका इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे.

वॉर्डात जाताना एक छापील कागद दिला होता. सगळे नियम हाताचे होते आणि शेवटची ओळ पायांची: ‘अंथरुणात असताना दर तासाला दोन्ही पावलं वर-खाली हलवावीत.’ फिजिओथेरपीची मुलगी येऊन दाखवूनही गेली.

विलासनं पहिल्या दिवशी केलं. मग थांबला.

‘हलव ना पाय.’

‘पाय हलला की कंबर हलते, कंबर हलली की खांदा, खांदा हलला की हात. सुमन, बाइंडिंग सुकेपर्यंत पुस्तक उघडायचं नसतं. प्रेसमध्ये दाबून ठेवायचं आणि विसरून जायचं. घाई करणाऱ्याचं पुस्तक पाठीतून फुटतं.’

तीस वर्षांच्या धंद्यात शिकलेली गोष्ट होती ती आणि तो तिच्यावर विसंबला. मलाही पटली. त्याच्या प्रेसमधून आलेली पुस्तकं मी आयुष्यभर हाताळली होती, एकाचीही पाठ फुटली नव्हती. डॉक्टरांनी हात स्थिर ठेवा सांगितलं होतं. आम्ही अख्खा माणूस स्थिर ठेवला.

सातव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला तो झोपेतून जागा झाला आणि म्हणाला, ‘आई आली होती.’

त्याची आई, माझ्या सासूबाई, जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

‘काय म्हणाल्या?’ मी वहीतून मान न काढता विचारलं.

‘काही नाही. पाय चेपत बसली होती. डावा.’

‘त्या पायाला टाके आहेत. दुखत असणार, म्हणून तसं स्वप्न पडलं.’

‘टाके पावलावर आहेत. ती पोटरी चेपत होती.’

‘दुखतेय पोटरी?’

‘दुखत नाही गं. ताठल्यासारखी वाटते. ती चेपते तेव्हा बरं वाटतं.’ जरा वेळानं म्हणाला, ‘काल पण आली होती. तुला सांगितलं नाही, तू लेक्चर दिलं असतंस.’

मी लेक्चर दिलंच. दुखण्याच्या औषधांनी स्वप्नं कशी पडतात, झोपेत मेंदू शरीराच्या संवेदनांची गोष्ट कशी बनवतो, हे सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. ‘बरोबर आहे तुझं,’ म्हणाला. आमच्या संसारात हे वाक्य तो फार वापरायचा आणि त्यात कधी कडवटपणा नसायचा.

पाच वाजता सर्जन राउंडला आल्या. नखं दाबून पाहिली, खूश झाल्या. ‘काही तक्रार, विलासराव?’

त्यानं माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत तो खोडकर भाव. ‘तशी तक्रार नाही मॅडम, पण माझी आई—’

‘काही नाही,’ मी मध्येच म्हणाले. ‘सगळं ठीक आहे.’

‘पाय हलवताय ना?’

‘हो,’ मीच म्हणाले.

असं मी का केलं याचा विचार करायला मला बराच वेळ मिळाला आहे. मला लाज वाटली. एवढ्या शिकलेल्या बाईसमोर माझा नवरा मेलेली आई पाय चेपते असं सांगणार, आणि त्या सौजन्यानं हसणार, हे मला सहन होणार नव्हतं. आणि पाय हलवतो म्हणून मी जे खोटं बोलले, ते शाळेतल्या हुशार मुलीसारखं. गृहपाठ झाला नाही हे कबूल करायची सवयच नाही.

आठवा दिवस. समोरच्या खाटेवर गोराईचे एक गृहस्थ होते. बोटीवर जाळ्याच्या दोरात बोटं सापडली होती. त्यांची बायको हिराबाय दिवसभर तिथे असायची. मोठ्या आवाजाची, मासळी विकणारी, कुणालाही ‘काय गो’ म्हणून हाक मारणारी. नर्सना घाबरत नसे, नवऱ्याला तर मुळीच नाही. ‘जाळ्यात मासं घालायचं सोडून बोटं घातलीस?’ असं त्याला दिवसातून चारदा ऐकवायची आणि लगेच उशी नीट करायची.

दुपारी विलासला झोप लागली होती. मी वही पुरी करत होते. हिराबाय समोरून म्हणाली, ‘काय गो बाय, तुझ्या सासूला एक खुर्ची तरी दे.’

‘काय?’

‘कवापासून खाटंच्या कडेला टेकून बसलेय म्हातारी. काल पण तशीच. कंबर मोडंल तिची.’

मी वळून पाहिलं. पायाशी कोणी नव्हतं. ‘आत्ता?’

‘आत्ता गेली असंल मोरीकडं. तू कुठं बगतेस, डोकं तर वहीत तुझं.’

‘त्या आमच्या नसतील. चुकून कुणी बसलं असेल.’

‘तुमची नाय तं कोणाची? तोंड तुझ्या नवऱ्याचंच.’ आणि मग ती सहज म्हणाली, ‘तुला बोलवत होती दोनदा. हात करून. तू नाय बगितलंस.’

मला राग आला. आजारी माणसाजवळ असं बोलतात का, असं वाटलं. तरी विचारलं, ‘काय करत होत्या त्या?’

‘पाय चेपते ना. असा.’ हिराबायनं उजव्या हाताची मूठ वळली आणि मुठीची पाठ आपल्या पोटरीवर टेकवून घोट्यापासून गुडघ्याकडे दाबत नेली. वर गेली की मूठ उचलायची, परत खालून सुरू करायची. ‘बोटं वाकडी हायत का तिची? हात उघडीत नाय.’

मी वही मिटली.

सासूबाईंची बोटं शेवटच्या बारा-पंधरा वर्षांत संधिवातानं आखडली होती. मूठ उघडत नसे. घरातल्या त्यांच्या दोन्ही फोटोंत हात पदराखाली आहेत. त्या मालवणकडच्या. सासरे गिरणीत होते तोवर परळला गिरणी कामगारांची खाणावळ चालवायच्या, नंतर मुलुंडला आमच्याकडे आल्या. विलास दिवसभर मशीनपाशी उभा असायचा. घरी आला की त्या त्याला खाली बसवायच्या आणि त्याचे पाय मुठीनं चेपायच्या. नेहमी खालून वर. मला ते आवडायचं नाही. आईनं मोठ्या मुलाचे पाय चेपायचे, हे उलटं वाटायचं. एकदा मी म्हणाले, ‘आई, तुमचेच हात दुखतात, कशाला?’ त्या म्हणाल्या, ‘तुका काय कळता? दिसभर उभो रवता तो. पायात रगात साकळता, ता वर धाडूक व्हया.’

मी तेव्हा त्यांना रक्ताभिसरणाबद्दल समजावून सांगितलं होतं. हृदय पंपासारखं काम करतं, चेपून काही होत नाही, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि चेपत राहिल्या.

हिराबायशी मी याआधी चार वाक्यांपलीकडे बोलले नव्हते. विलासनं तिला आईबद्दल सांगितलं असेल का? मी नंतर तिला विचारलं, ती नाही म्हणाली. मी जेवायला खाली कॅन्टीनमध्ये जायचे तेव्हा सांगितलं असेल आणि ती विसरली असेल, ही शक्यता मी आजही सोडलेली नाही.

पण यानंतरचं मी स्वतः पाहिलं.

सव्वातीन झाले होते. वॉर्डात भरपूर उजेड, खिडकीतून ऊन खाटेच्या मध्यापर्यंत आलेलं. विलास शांत झोपलेला. त्याच्या पायांवर हॉस्पिटलचं करड्या रंगाचं ब्लँकेट होतं. मी त्याच्याकडे पाहत होते, वहीत नाही. डाव्या घोट्याजवळ ब्लँकेट खाली दबलं. मुठीएवढा खळगा. तो तसाच राहिला आणि त्याच्या वर दुसरा पडला, मग तिसरा, मग गुडघ्याच्या जरा खाली चौथा. मध्ये सारखं अंतर, सारखा वेळ. पाय हललेला नव्हता. मग परत घोट्याजवळ.

मला भीती वाटली नाही. हे विचित्र आहे, पण खरं आहे. मला वाटलं, आठ दिवस नीट झोप नाही, डोळे दमलेत. मी उठले आणि ब्लँकेट ओढून सरळ केलं. तळहातानं खळगे पुसून टाकले. अंथरूण नीट करतात तसं. ब्लँकेटखाली पाय गरम लागला, उजव्यापेक्षा जास्त. तेही मी टाक्यांवर ढकललं. खुर्चीत बसले आणि वहीत लिहिलं – ‘३.३०, गुलाबी, उबदार, सूज कमी.’

हाताबद्दल लिहिलं होतं ते.

संध्याकाळी सर्जन आल्या तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं की पोटरीचं विचारायचं. आईचं नाही, फक्त पोटरीचं. पण वाक्य जुळवायला गेले की ते ‘याला असं का वाटतंय’पासून सुरू व्हायचं आणि मग ‘कसं वाटतंय’ला आई यायची. विलास झोपेतून नुकताच उठला होता, तो मध्येच बोलेल अशी धास्ती. त्यांनी नखं दाबली, म्हणाल्या, ‘झकास. उद्या सकाळी उभं करू या तुम्हाला.’ तो इतका आनंदला की मी तो क्षण तसाच राहू दिला.

‘उभा राहिलो की आधी चहा,’ तो म्हणाला.

‘चहा अजून तीन आठवडे नाही.’

‘मग उभं राहून फायदा काय, मॅडम?’

सगळे हसले. हिराबायचा नवरासुद्धा.

नवव्या दिवशी सकाळी साडेदहाला फिजिओथेरपीची मुलगी आणि एक वॉर्डबॉय आले. हात झोळीत घेतला. विलास आधी खाटेच्या कडेला बसला, मग उभा राहिला. दोन पावलं खिडकीकडे टाकली. बाहेर पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘सुमन, श्वास…’ आणि खाली बसावं तसा बसला.

पुढची चाळीस मिनिटं मी पडद्याच्या बाहेर उभी होते. पायातल्या शिरेतली गुठळी सुटून फुफ्फुसात गेली होती. मोठी होती. नऊ दिवस आम्ही सगळे उजव्या मनगटातल्या दोन-तीन मिलिमीटरच्या शिरांवर पहारा देत होतो, आणि ती डाव्या पोटरीत तयार होत होती.

पडदा बाजूला केल्यावर सर्जन त्याच्या हाताजवळ उभ्या होत्या. त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी जवळ गेले आणि सवयीनं त्याच्या अंगठ्याचं नख दाबलं. सोडलं. मनात मोजत राहिले. किती मोजलं ते आठवत नाही. हिराबायनं येऊन माझा हात सोडवला.

ती मला बाहेर बाकावर घेऊन गेली. मग म्हणाली, ‘तुझी सासू आज आलीच नाय गो. सकाळपासून मी बगत होते.’

मी तिला सांगितलं की सासूबाई अकरा वर्षांपूर्वी गेल्या. तिनं पदर तोंडाला लावला. पण ती दचकली नाही. इतकंच म्हणाली, ‘मग सांगायलाच येत असंल. मला सांगून काय उपेग. मी कोण?’

चार महिने मी कुणाला काही सांगितलं नाही. दिवाळीनंतर एके दिवशी त्या सर्जनना भेटायला ओपीडीत गेले. नंबर लावला, बाहेर बसले, माझं नाव पुकारल्यावर आत गेले. त्यांनी ओळखलं, उठून उभ्या राहिल्या. मी म्हणाले, ‘मला एक तक्रार सांगायची आहे. सातव्या दिवसाची आहे.’

मी सगळं सांगितलं. आई, मूठ, पोटरी, ब्लँकेट. पाय हलवत नव्हता हेही, आणि मी खोटं बोलले हेही. त्या मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. बाहेर पुढचा पेशंट दार उघडून डोकावला, त्यांनी हातानं थांबवलं.

मग म्हणाल्या, ‘तुमच्या सासूबाईंबद्दल मला काही सांगता येणार नाही. पण पेशंट म्हणाला असता, माझी मेलेली आई रोज डावी पोटरी चेपते, तर मी हसले नसते. मी पोटरी बघितली असती.’

‘आणि?’

‘लगेच सोनोग्राफी केली असती. मग काय झालं असतं ते खात्रीनं नाही सांगता येत. कदाचित हात गेला असता. रक्त पुन्हा पातळ केलं असतं तर मनगट वाहिलं असतं. पण मी बघितली असती.’ मग त्याच म्हणाल्या, ‘मीही विचारलं नाही. मी फक्त हातच बघत होते.’

त्या हे माझ्यासाठी म्हणाल्या की खरंच तसं वाटून, ते मला कळलं नाही. मग मी उठले.

घरी येऊन मी स्पष्टीकरणं लिहून काढली. विलासला पोटरीत गुठळीचा ताण जाणवत होता, आणि लहानपणापासून पोटरी म्हटलं की त्याला आईच आठवणार, म्हणून स्वप्न. हे पटतं. हिराबायनं दुसऱ्याच कुणाची म्हातारी पाहिली असेल, बाकीचं विलासकडून ऐकलं असेल. हे ओढूनताणून पटतं. मी पाहिलेलं जागरणामुळे. हेही चालेल. एकेक घेतलं तर प्रत्येकाला उत्तर आहे. तिन्ही एकाच पायाशी, त्याच दोन-तीन दुपारी आणि त्याच मुठीनं कसं घडलं, याला माझ्याकडे उत्तर नाही. कुणाकडे असेल तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन.

मात्र या सगळ्याचं उत्तर मिळालं तरी एक गोष्ट तशीच राहणार आहे. जे कोणी तिथे बसलं होतं – सासूबाई, विलासचं स्वप्न, त्याचंच शरीर – त्याचं म्हणणं अगदी साधं होतं. याचा डावा पाय बघा. एवढंच. विलासनं ते मला सांगितलं, समोरच्या बाईनं सांगितलं, शेवटी माझ्या डोळ्यांसमोर ब्लँकेटवर उमटलं. आणि सांगणारी खरी आहे की नाही याचा मी निकाल लावत बसले. ती खोटी असती तरी पाय खरा होता.

आता मी कधी कधी सासूबाईंच्या फोटोसमोर उभी राहते. माफी मागायची असते. पण माफी मागायची तर त्या आल्या होत्या हे आधी मानायला हवं, आणि ते माझ्याच्यानं अजूनही होत नाही. नाही मानलं, तर मग त्या तीन दुपारी विलासजवळ माझ्याशिवाय कुणीच नव्हतं. जे सांगायचं ते त्यानं एकट्या मलाच सांगितलेलं होतं.

मी तशीच उभी राहते आणि थोड्या वेळानं आत जाते.